जोडभोकांचं अवजार

मुकादमाला एक वाईट खोड होती. विजेच्या खांबावर चढायला नवीन माणूस घ्यायचा झाला, की तो कपाटातून एक जुनंपानं अवजार काढून टेबलावर आपटायचा. "सांगा, हे कशाचं?" सांगितलं तर खांब, नाहीतर आल्या पावली परत. अठरा वर्षांत नऊ जण असे परत गेले होते.

दहावी आली मीटरवाली. दोन लेकरांची आई, सहा वर्षं मीटर तपासायच्या कोंदट खोलीत काढलेली. जागा एकच होती आणि तिच्या वयाला ही शेवटची संधी. हुकली की जन्मभर तीच खोली.

अवजार म्हणजे सांडशीचा थोरला भाऊ. हातभर लांब दोन दांडे, एका टोकाला जोडलेले. मिटले की मधे दोन-दोन चिकटलेली भोकं दिसायची. धार कुठेच नाही. नाव तिला माहीत नव्हतं, पण तेवढ्यावरून गप्प बसेल ती मीटरवाली कसली? तिनं ते उलटंपालटं केलं, भोकांत करंगळी फिरवली.

"दोन तारा जोडायचं. आणि हे जोडीनं चालतं, काका. दुसरं कुठाय?"

मुकादम हसला. "चुकलं. वाकडी तार यातून ओढून सरळ करतात. माझ्या उस्तादानं सांगितलंय."

"मग एका तारेला जोडभोक कशाला? आणि तार ओढली असती तर कडा झिजल्या असत्या. या बघा, कोऱ्या आहेत."

हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिनं भंगाराच्या पेटीतून शेजारीशेजारी चिकटलेल्या दोन नळ्यांचा एक तुकडा शोधला. दोन्ही बाजूंनी एकेका नळीत एकेक तार घातली. नळ्यांचं एक टोक बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळलं, दुसरं अवजारात धरून तीन वेढे पिळलं. नळीची वेणी झाली. दोन धट्टेकट्टे लाइनमन ओढून घामाघूम झाले, पण जोड हलला नाही.

"जोडीदार नाही म्हणून व्हाइस लावला," ती म्हणाली.

मुकादम खाली बसला. "त्या नऊ जणांतल्या दोघांनी हेच सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला. "मी हाकलले."

"मग त्यांना बोलवा."

"बोलावलं तर त्यांचा हक्क आधीचा. जागा एकच आहे, बाई."

ती कोंदट खोली तिच्या डोळ्यांपुढे आली. पण दुसऱ्यांच्या हक्काचा खांब बळकावायचा, तर त्यावर ताठ मानेनं चढणार कसं?

"बोलवा. पण तिघांची परीक्षा खांबावर घ्या, टेबलावर नको; जिंकेल त्याची जागा. माझी आत्ताच घ्या."

मुकादमानं स्वतःच्या कमरेचा चढाईचा पट्टा सोडून तिला दिला. अंगणातल्या सरावाच्या खांबापाशी सगळे गोळा झाले. मीटरवालीनं पट्टा आवळला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तिघांत पहिली आपणच येणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.