खिळ्यांचा पट्टा

एकोणीसशे पासष्ट साली कुत्रा मिळावा म्हणून मी जो अर्ज भरला, तो हायस्कुलातल्या नोकरीसाठी भरलेल्या अर्जापेक्षा दोन पानांनी मोठा होता. मी रागीट आहे का, हे नोकरीच्या अर्जात कोणी विचारले नव्हते.

अर्ज होता मूकप्राणी स्नेह मंडळाचा. मुंबईची बंगलेवाली मंडळी मे महिन्यात आमच्या थंड हवेच्या गावी येत, पोरांच्या हट्टाखातर पिल्लू आणत आणि शाळा उघडायच्या सुमारास ते फाटकाबाहेर ठेवून गाडीत बसत. त्याच बंगल्यांतल्या काही बायकांनी मग अशा कुत्र्यांसाठी हे मंडळ काढले. कुत्री सोडणारे आणि कुत्र्यांसाठी हळहळणारे एकाच रस्त्यावर राहत. सांभाळण्याचे काम मात्र त्या रस्त्यावर होत नसे. ते वलवणच्या वरच्या वस्तीत, सारजाबाईच्या खोपटात होई.

मंडळाच्या कागदांत सारजाबाईची नोंद ‘तात्पुरती पालक’ अशी होती. आमचा कुत्रा तिच्याकडे आला तेव्हा त्याच्या अंगावर केसांपेक्षा खरूज जास्त होती. तिने त्याला करंजाचे तेल चोपडले, भाकरी घातली आणि वर्षभर चुलीपाशी निजवले. मंडळाने त्याचे नाव प्रिन्स ठेवले होते. ती त्याला पाव्हण्या म्हणे.

“बाई, ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या की,” असे तिने मंडळाच्या सेक्रेटरीबाईंना एकदा म्हणून पाहिले होते. सेक्रेटरीबाईंनी तिला समजावून सांगितले की कुत्र्याला योग्य घर हवे. योग्य घर म्हणजे कुंपण, फाटक आणि व्हरांडा. सारजाबाईच्या खोपटाला यातले काही नव्हते. दार होते, पण ते अर्जात विचारलेले नव्हते.

तुंगार्लीच्या डोंगराखाली आम्ही भाड्याने राहत होतो त्या घराला तिन्ही गोष्टी होत्या. फाटक तर इतके भक्कम होते की ते उघडून आत कोणी फारसे येतच नसे. मी शाळेत गेलो की हिरा, माझी बायको, दिवसभर एकटी. लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती आणि घरातली तिसरी खोली आम्ही कांदे ठेवायला वापरत होतो. कुत्र्याची गोष्ट तिनेच काढली. एकोणीस वर्षांत तिने मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली देणे माझ्या किंवा डॉक्टरांच्या हातात नव्हते.

सेक्रेटरीबाई दोनदा येऊन घर तपासून गेल्या. आम्ही योग्य ठरलो. बी.ए.च्या परीक्षेनंतर पहिल्यांदाच मला कोणीतरी पास केले होते, त्यामुळे मी नाही म्हटले तरी सुखावलो.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी सारजाबाई पाव्हण्याला चालवत घेऊन आली. त्याच्या गळ्यात चार बोटे रुंद चामड्याचा पट्टा होता आणि पट्ट्यातून बाहेरच्या बाजूला बोटभर लांबीचे लोखंडी खिळे निघाले होते. सेक्रेटरीबाईंनी डोळ्यांवर हात ठेवला.

“अगं बाई! हे काय? किती हा क्रूरपणा!”

“त्याला टोचत न्हाई, बाई. खिळं भायेरनं हायती. वाघरू गळा धरतंय, तवा त्याच्या जबड्यात जात्यात,” सारजाबाई म्हणाली. “माज्या बाच्या कुत्र्याचा पट्टा हाय ह्यो. तीन कुत्री म्हातारी होऊन मेली ह्यात.”

“सारजा, इथे कुठला आलाय वाघ? लाइट आलीय आता.”

“आमाला बी ठावं हाय की लाइट आली. पर बिबट्याला कुनी सांगितलं न्हाई आजून.”

मी हसलो. सेक्रेटरीबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यापुढे करारनामा धरला. कलम नऊ: प्राण्याच्या अंगावर क्लेशदायक साधन असू नये. कलम दहा: प्राण्यास रात्री व्हरांड्यात साखळीने बांधावे. मी सही केली. खिळ्यांचा पट्टा काढून त्यांनी मंडळाचा नवा पट्टा घातला, मऊ, तांबडा, पितळी बिल्ल्याचा. जुना पट्टा माझ्या हातात राहिला.

जाताना सारजाबाई माझ्यापाशी थांबली. “मास्तर, ह्या बाई गेल्या की घाला बरं का परत. न्हाईतर रातचा घरात घ्या. मी काय येत न्हाई बघाया. मला बघून त्यो घरचा घोर लावून घेईल.”

“बरं,” मी म्हणालो. शिक्षकाच्या तोंडी हा शब्द फार सहज येतो.

हिराने त्या संध्याकाळीच पट्टा पुढे केला. “घाला हो. बाई कशाला बघायला येतायत?”

“मी सही केलीय, हिरा.”

“सही कुत्र्याच्या गळ्यात बांधणार आहात का?”

मी तिला लेखी शब्दाचे महत्त्व सांगितले. वर्गात चाळीस मुले हे ऐकून घेत असत. मग तिने त्याला घरात घ्यायचे म्हटले, तर मी कलम दहा दाखवले. पट्टा व्हरांड्यातल्या खुंटीला अडकवला. पाव्हण्याला साखळीने बांधले ते त्या खुंटीखालीच.

दहा दिवस तो होता. हिरा त्याच्याशी बोलायची. जे माझ्याशी बोलायची नाही तेही, कारण तो मध्येच व्याकरण सुधारत नसे.

अकराव्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला दार उघडले. साखळी जागेवर होती. साखळीच्या टोकाला तांबडा पट्टा होता, तुटलेला. बिल्ला अजून चकचकीत होता. कुंपणापर्यंत फरशीवरून आणि मातीतून एक ओढल्याची रेघ गेली होती. कुंपण शाबूत होते. फाटकही बंद होते.

हिरा बाहेर आली. तिने रेघ पाहिली, मग खुंटी पाहिली. माझ्याकडे पाहिले नाही. बादली आणून ती फरशी धुऊ लागली.

मी सांगायला गेलो तेव्हा सेक्रेटरीबाईंना फार वाईट वाटले. त्यांनी मला चहा दिला. कलम नऊमध्ये दुरुस्ती करावी असे मी म्हणालो, तर त्यांनी ते लगेच मान्य केले. फक्त दुरुस्ती वार्षिक सभेतच होऊ शकत होती आणि सभा मे महिन्यात, मुंबईचे सभासद आल्यावर. तोवर अहवालात प्रिन्सची नोंद ‘योग्य घरी दिला’ अशीच राहील, कारण दिला होताच. “वलवणला जाणार असाल तर एवढी चिठ्ठी सारजाला द्याल?” त्या म्हणाल्या.

चिठ्ठी आणि पट्टा घेऊन मी वलवणला चालत गेलो. सारजाबाई खोपटापुढे बसून एका तांबूस कुत्रीच्या पाठीला तेल चोळत होती. तिने आधी माझ्या हातातला पट्टा पाहिला. मला काही सांगावे लागले नाही.

“बांदला हुता?” तिने विचारले.

“हो.”

“मोकळा असता तर पळाला तरी असता,” ती म्हणाली. मग तिने माझ्या दुसऱ्या हातातल्या कागदाकडे पाहिले. “चिठ्ठीत काय हाय?”

मी वाचून दाखवली. तांबूस कुत्रीला खंडाळ्याच्या एका बंगल्यात योग्य घर मिळाले होते. रविवारी सकाळी पोचवावी.

सारजाबाईने हात पदराला पुसला आणि पट्टा मागून घेतला. कुत्रीच्या गळ्यात तो फार सैल होता. तिने दाभण आणून आणखी आत एक भोक पाडले.

“सारजाबाई, रविवारी हा पट्टा ते काढून टाकतील.”

“ठावं हाय,” ती म्हणाली. “आज बुदवार हाय.”

तिने पट्टा ओढून बसवला आणि खिळे सगळे बाहेर आहेत ना, हे एकेक करून बोटाने चाचपून पाहिले.