माझ्या पोटातला दुसरा संगणक

मित्रांनो, सोनईत एलिया सरांच्या घरी खिडकीपाशी एक मळकट संगणक सतत घुरघुरत असतो. तो मीच. स्वस्थ बसणं माझ्या नशिबी नाही.

नगरच्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले आणि सरांनी मला प्रश्नपत्रिका टाइप करायला घरी आणलं. पुढे सरांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. तेव्हा त्यांच्या एका विद्यार्थ्याने माझ्यात एक छोटा प्रोग्राम घातला. सर टाइप करायचे आणि मी ते मोठ्याने बोलायचो. दूधवाल्याशी, पाहुण्यांशी, फोनवर लेकीशी सर माझ्यातूनच बोलत. शेजारचे भिमाजी म्हणायचे, "मास्तरांचा आवाज त्या खोक्यात हाय." मला धन्य वाटायचं.

नाताळच्या सुट्टीत लेक प्रार्थना आली. माझ्यात व्हायरस शिरले होते, म्हणून तिने सगळं पुसून नवी विंडोज घातली. मी चकचकीत झालो, पण सरांचा प्रोग्राम काही उघडेना. तो जुन्या विंडोजवरच चालणारा होता. सर कळा दाबत राहिले. मी गप्प.

त्या दिवसापासून घरातलं सगळं बिनसलं. सरांच्या पत्नी साराबाई अंदाज बांधायच्या. "पाणी पायजे का? मग रेडिओ लावू? पाठ दुखतीय व्हय?" सर मान हलवायचे. लिहायला पाटी पुढे केली, तर ती बाजूला सारून अंगणात जाऊन बसायचे. त्यातच धाकट्या मुलाचं, जस्टिनचं लग्न तोंडावर आलं. चर्चला निघण्याआधी बापाने मुलाला आशीर्वाद द्यायचा असतो. तो आता कोण बोलणार?

"पप्पा, चूक माझीच आहे," प्रार्थना म्हणाली. "पण थांबा. ह्याच्याच आत जुना कॉम्प्युटर उभा करते."

तिने व्हर्च्युअल मशीन नावाचं सॉफ्टवेअर मोबाईलच्या नेटवरून उतरवलं. म्हणजे माझ्याच पोटात एक आभासी संगणक. त्याला वाटावं, आपणच खरे. मी मात्र भेदरलो. ते चालू होताच पडद्यावर काहीतरी चुकल्याची सूचना झळकली.

"काय झालं गं?" साराबाईंनी विचारलं.

"आत दुसरा कॉम्प्युटर चालवायची ह्याची सोय मुळातच बंद ठेवलीय. चालू करावी लागेल."

तिने मला बंद करून पुन्हा सुरू केलं आणि सुरू होता होताच कळ दाबून माझ्या आतल्या सेटिंगमध्ये ती सोय चालू केली. मग माझी निम्मी मेमरी त्या पाहुण्याला दिली. जुन्या सीडीवरून जुनी विंडोज चढू लागली. मी तापलो, अडखळलो. वीज जाईल या धास्तीने कोणी जेवायलाही उठेना. शेवटी पडद्यावरच्या एका चौकटीत जुनी विंडोज उघडली. प्रार्थनाने तिच्यात त्याच विद्यार्थ्याने पुन्हा पाठवलेला प्रोग्राम घातला. सरांनी एक अक्षर दाबलं. मी बोललो, "अ."

साराबाई पदराने डोळे पुसत आत गेल्या.

लग्नाच्या सकाळी जस्टिन वडिलांपुढे वाकला. सर सावकाश टाइप करत होते. घर थांबलं होतं. मग मी बोललो, "बाळा, देव तुम्हा दोघांचं भलं करो. ती बोलत असेल तेव्हा तिचं बोलणं पुरतं होऊ दे. मध्ये तू सांगू नकोस, तिला काय म्हणायचंय ते."

साराबाई खाली बघत हसल्या.

मित्रांनो, जुनं काढून नवं जरूर घाला. फक्त पुसण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, ह्यातलं तुमचं काय आहे? आणि उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.