चामटोलीची हिरवी घोरपड

रील बनवायला म्हणून माझ्या भावाने, हरेशने, इग्वाना आणला. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत जास्वंदीची फुलं खात तो हिरवा सरडा वाढत गेला, पडदे फाडायला लागला, तसा हरेशला नकोसा झाला. मला न विचारता त्याने तो चामटोलीत एका आंब्यावर सोडला. वर मला सांगतो, "मुक्या जिवाला मोकळं केलं ताई, पुण्य लागेल."

कसलं डोंबलाचं पुण्य!

आज चामटोलीहून जनीमावशीचा फोन आला. "अगो, केवढी हिरवी घोरपड! लोकांनी काठ्यांनी मारली. पलाली पन नाय, झाडावरून उतरून त्यांच्याच हाताकडं आली."

हरेश म्हणाला, "रडू नको, दुसरा आणू."

मी त्याच्या कानाखाली जाळ काढला.

माणसाच्या हातात जास्वंदीचं फूल असतं, एवढंच आम्ही त्या जिवाला शिकवलं होतं.