घड्याळजींची सायकल

"हात हलका ठेव. स्क्रू बसला की थांब. घड्याळ पडून बिघडत नाही तितकं माणसाच्या जोरानं बिघडतं."

वडिलांना जाऊन तीस वर्षं झाली होती, पण त्यांचा हा आवाज घड्याळजींच्या उजव्या मनगटात मुक्कामाला राहिला होता. स्क्रू असो, बरणीचं झाकण असो की मोरीतला नळ, पिळायला घेतलं की तो बोलायचा. म्हणून तर त्यांच्या घरातले सगळे नळ थेंब थेंब गळत, आणि माई त्यांच्या मागोमाग जाऊन एकेक नळ पुन्हा पिळून बंद करत. चाळीस वर्षांच्या संसारात यावरून त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

असल्या हाताचा माणूस तीन महिने मागच्या खोलीत विजेवर चालणारी सायकल बनवत होता.

सायकल माईंसाठी होती. घरापुढच्या लांब चढाच्या वरच्या टोकाला माईंची थोरली बहीण राहायची. अक्का. सहा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. रात्रीची नर्स सकाळी सातला निघायची, दिवसाची नऊला यायची. मधले दोन तास माईंचे. अक्का दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नसत. नर्सनं चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत बसत. माई जात, त्यांचं तोंड धूत, केस विंचरत, गोष्टी सांगत चमच्याचमच्यानं भरवत. आणि अक्कांच्या पोटात चार घास जाईपर्यंत स्वतः पाण्याचा घोटही घेत नसत. तो त्यांचा नेम होता. घरात त्याचा कधी गाजावाजा झाला नाही. सकाळी चूल पेटावी तितक्या सहज तो होत आला होता.

मग गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टरांनी बजावलं, चढ चढायचा नाही म्हणजे नाही. तेव्हापासून माई पहिल्या बसनं जात. आणि तीन महिन्यांपूर्वी थांब्यावर पाटी लागली, की ती बस अमुक सोमवारपासून बंद. इतक्या सकाळी त्या उभ्या चढावर दुसरं वाहन फिरकत नसे. घड्याळजींचा धाकटा भाऊ माईंना सोडायला आला असता, पण तो बसच्या आगारात मेकॅनिक होता आणि त्याची पाळी पाचलाच सुरू व्हायची. पाटी वाचून घड्याळजी घरी आले आणि चप्पल काढायच्या आधीच बोलून बसले, "तू काळजी करू नकोस. त्या सोमवारी सातच्या ठोक्याला तू अक्कांच्या दारात असशील. हा माझा शब्द."

माई लग्नाआधी रोज सायकलवरून शाळेत शिकवायला जात. त्यामुळे कल्पना वाईट नव्हती. बाजारात तयार सायकली होत्या, पण सगळ्या उंच. दुखरा पाय दांडीवरून पलीकडे टाकणं माईंना जमणार नव्हतं. "मी बनवतो," घड्याळजी म्हणाले. "तुझ्या मापाची."

आणि तिथून जो त्रास सुरू झाला, तो काही विचारू नका. जुन्या सायकलची वरची दांडी कापून धाकट्यानं खाली वाकवून जोडून दिली, तर फ्रेम जराशी वाकडी झाली. मोटर आली, ती चाकाच्या मधोमध बसलेलीच आली, पण तिचा आस पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या खाचेत शिरेना. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून, घड्याळाच्या नाजूक कानशीनं चार दिवस ती खाच घासली. घासता घासता इतकी गुळगुळीत केली की आस लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. ते खूश. मग तारांचे रंग जुळेनात. जुळले तर मोटर उलटी फिरायला लागली. ती सुलटी झाली तर ब्रेक घासू लागला. रोज संध्याकाळी माई दारात येऊन विचारत, "काय म्हणतेय?" आणि घड्याळजी मान वर न करता म्हणत, "काही म्हणत नाही. हाच तर त्रास आहे."

यातच त्यांनी एक छंद करून घेतला. बॅटरी किती उरली ते दाखवायला म्हणून हँडलवर खिशातल्या जुन्या घड्याळाची तबकडी बसवली. निळा काटा, पांढरी चकती, वर काच. तीन आठवडे त्यात गेले. धाकटा ती बघून म्हणाला, "वा, दादा! म्हणजे सायकल जागची हलली नाही, तरी किती वेळ हलली नाही ते वहिनींना कळेल."

"तुझं हसून झालं असेल तर तो पाना दे."

"पाना देतो. पण आसाला अडवायला लोखंडी पट्टी लावलीस का? मी सांगितलं होतं. मोटर चाकाला पुढे ढकलते, तेवढ्याच जोरानं आसाला मागे ढकलते. आस फिरला तर तारा घेऊन फिरेल."

"खाच बरोब्बर मापाची आहे. एका केसाचा फरक नाही."

"अरे, ही सायकल आहे. हातावर बांधायची नाहीये."

पट्टी राहिली ती राहिलीच.

रविवारी दुपारी, बस बंद व्हायला एक दिवस उरला असताना, सायकल पहिल्यांदा रस्त्यावर आली. माईंना बसवण्याआधी आपण स्वतः बघू, असं घड्याळजींनी ठरवलं, आणि ते फार बरं झालं. सपाट रस्त्यावर सायकल अशी गेली की माई फाटकाशी उभ्या राहून लहान मुलीसारख्या हसल्या. चढाच्या तोंडाशी घड्याळजींनी वेगाची मूठ पूर्ण पिळली. चाकातून कट् असा आवाज आला, काहीतरी करकचलं, आणि पुढचं चाक जागच्या जागी आवळलं. घड्याळजी हँडलवरून घसरून कठड्यावर कोपरानं आपटले.

खाली वाकून पाहिलं तर आसातून बाहेर येणारी जाड केबल दोरखंडासारखी पिळून तुटली होती. आतल्या तारांचं तांबं एकमेकांत गुंतलं होतं.

धाकट्याला बोलावणं गेलं. तो मागच्या खोलीत आला, सायकल दोन स्टुलांवर उलटी ठेवली आणि आसाच्या नटाला हात लावला. पाना नाही, नुसती बोटं. नट फिरला. दुसरा लावला, तोही फिरला. धाकटा दोन्ही नट मोठ्या भावाच्या तळहातावर ठेवून मोकळा झाला.

"मी कसले होते," घड्याळजी म्हणाले.

"कसले होतेस, पण घड्याळाला कसतात तसे. दादा, याच्यावर अंगाचं वजन टाकायचं असतं. पाना मोडेल असं वाटलं पाहिजे."

"नटाचे आटे गेले असते."

"आटे गेले असते तर बाजारात नवा नट मिळाला असता. आता मोटर उघडायची, आसाच्या पोटातून नवी केबल ओवायची. केबल यायलाच चार दिवस." मग तो जरा नरमला. "मी पाळी बदलून मागतो, पण उद्याचं काही खरं नाही. उद्या आगारात माणसंच नाहीत."

तो गेला. घड्याळजी तिथेच बसून राहिले. कोपर ठणकत होतं, पण त्याहून जास्त दुसरंच काही. तीन महिने. ती तबकडी, तो निळा काटा! काटा अजूनही बॅटरी भरलेली दाखवत होता, दिमाखात. त्यांना ती काच फोडावीशी वाटली.

माई गरम पाण्याचं भांडं आणि फडकं घेऊन आल्या. "कोपर दाखवा."

"राहू दे."

"सुजलंय हो."

"राहू दे म्हटलं ना! जिकडेतिकडे तुझी सेवा. आणि एक दिवस तुझा नेम चुकला तर काय आभाळ कोसळणार आहे का?"

बोलून गेले, आणि ऐकू आलं आपल्यालाच. माईंनी भांडं स्टुलावर ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे.

"आभाळ नाही कोसळणार. नेमाचं काय, देव समजून घेईल. अक्का उपाशी राहील, एवढंच."

त्या गेल्या. थोड्या वेळानं घड्याळजी पाणी प्यायला आत आले, तर बाहेरच्या दाराशी माईंचे बंदाचे बूट मांडून ठेवलेले दिसले, शेजारी काठी, आणि खुर्चीवर गुडघ्याला बांधायचा पट्टा. स्वयंपाकघरात त्या गजराच्या घड्याळाला किल्ली देत होत्या. घड्याळजी जवळून गेले तेव्हा गजराचा काटा साडेचारवर होता. चालत जायला म्हणजे दोन तास धरले होते त्यांनी. त्या गुडघ्यानं.

घड्याळजी पाणी न पिताच मागच्या खोलीत परतले.

चाक हातानं फिरवून पाहिलं. फिरत होतं, पण ओढून, अडून, हट्टी जनावरासारखं. असं का? तुटक्या तारा एकमेकांना चिकटल्या की मोटर स्वतःलाच धरून ठेवते, हे धाकट्यानं कधीतरी सांगितलेलं होतं. तेव्हा ते काटा रंगवत होते, नीट ऐकलं नव्हतं. त्यांनी कातर घेतली. या तारा त्यांनी स्वतः, भिंगाखाली, एकेक धागा सरळ करून जोडल्या होत्या. त्याच आता कातरीत धरल्या. मग कापल्या. एकेक टोक वेगळं करून त्यावर टेप गुंडाळली आणि बॅटरी काढून कोपऱ्यात ठेवली. चाक फिरवलं. आता ते सुळकन फिरलं, फिरतच राहिलं.

उरले नट. घड्याळजींनी धाकट्याचा लांब पाना लावला, कसला, आणि हात आपोआप थांबला. मनगटातला आवाज बोललाच. बसला की थांब. या खेपेला घड्याळजी चिडले. वडिलांवर चिडले, साठी उलटल्यावर, पहिल्यांदा. "हे घड्याळ नाही हो, आप्पा!" असं मोठ्यानं म्हणाले आणि पान्यावर सगळं अंग टाकलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. नट करकरला, हलला, आणखी पाव फेरा गेला. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आटे शाबूत होते.

शेवटी मागच्या कॅरियरवर त्यांनी उशी बांधली, पाठीला टेकायला फळी ठोकली आणि पाय ठेवायला एका बाजूला दोन लोखंडी तुकडे अडकवले. फळी थोडी तिरकी बसली. सरळ करायचा मोह झाला, तो त्यांनी गिळला.

पहाटे गजर वाजला तेव्हा माई उठल्या, आंघोळ केली, देवापुढे हात जोडले आणि गुडघ्याला पट्टा बांधत बाहेरच्या दाराशी आल्या. पायरीला लागून सायकल उभी होती. घड्याळजी तिचं हँडल धरून उभे होते, कोपराला फडकं बांधलेलं.

"चालू झाली?" माईंनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय. बस."

"अहो, एवढा चढ! तुम्ही ढकलणार? माझं वजन काय फुलाचं आहे?"

"तुझं वजन मला विचारू नकोस, मी खोटं बोलेन." मग ते खाली बघत म्हणाले, "काल मी बोललो ते बोलायला नको होतं."

 माई एका अंगानं उशीवर बसल्या, काठी आडवी करून मांडीवर घेतली, पाठ फळीला टेकवली. फळी तिरकी होती, म्हणून त्याही थोड्या तिरक्या झाल्या.

घड्याळजींनी एक हात हँडलवर ठेवला, दुसरा सीटच्या मागे, आणि अंग पुढे झुकवलं. सायकल हलली. रस्त्यावर अजून कुणी नव्हतं. चढ सुरू झाला तसा त्यांनी पाय रोवला, मग दुसरा, आणि वरच्या वळणाकडे न बघता ढकलू लागले.