लाकडाची बातमी

"लाकडाचाच येतोय रे, व्हर्लिन! आता तर नेटवर आलंय!" त्याचा जोडीदार सुतार ड्वाइट खालून ओरडला.

व्हर्लिन जुन्या लाकडी रोलर कोस्टरच्या दुसऱ्या चढावर कुजलेली फळी उचकटत होता. पार्क हिवाळ्यासाठी बंद होता आणि तळ्यावरचा वारा बोटं बधिर करत होता. सप्टेंबरात पलीकडच्या रिकाम्या जागेत कुणीतरी नारिंगी फितीच्या खुंट्या ठोकल्या होत्या. तेव्हापासून नवा कोस्टर लाकडी येणार की पोलादी, यावरून गावभर पैजा लागत होत्या. कोस्टरचे शौकीन लोक परराज्यांतून येऊन कुंपणाला दुर्बिणी लावत होते. पार्कचे साहेबलोक मात्र तोंड उघडत नव्हते.

व्हर्लिनसाठी हा खेळ नव्हता. जुना कोस्टर आज ना उद्या पाडणार, हे सगळेच धरून चालले होते. नवा लाकडी आला, तर दर हिवाळ्यात त्याच्या फळ्या बदलायला सुतार लागणार. पोलादी आला, तर सुताराला कोण विचारतो?

"कोण म्हणतं लाकडाचा?"

"आतल्या माणसाची पक्की खबर, असं लिहिलंय. खुंट्या जवळजवळ आहेत म्हणे. लाकडी खांबांनाच तशा लागतात."

व्हर्लिनलाही नेमकं हेच वाटलं होतं. आता दुसराही कुणी तेच म्हणतोय, म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी बंदरातल्या होडी-कारखान्याच्या मालकाचा फोन आला. सुताराची कायमची जागा होती, छपराखालची. व्हर्लिन म्हणाला, "नको, माझं इथंच बरं चाललंय."

ती जागा ड्वाइटनं घेतली. "माझा नाही बुवा नेटवर भरवसा," जाताना तो हसत म्हणाला.

मार्चमध्ये ट्रेलर आले. त्यांवर निळे, वाकवलेले पोलादी रूळ होते. फाटकाशी जमलेले शौकीन लहान मुलांसारखे नाचू लागले. व्हर्लिनची मुलगी जनेल फोन उंच धरून सगळ्यांत पुढे होती. बापाच्या फुकट पासवर ती या पार्कातच वाढली होती. आता कोस्टरवर व्हिडिओ करून नेटवर टाकायची.

व्हर्लिन तिच्याजवळ गेला. "ती लाकडाची खबर देणारा आतला माणूस कोण होता गं?"

"अरे, तूच की!" ती हसली. "जेवताना म्हणाला नव्हतास, खुंट्या जवळजवळ आहेत, लाकडी असेल म्हणून? तुला त्रास नको म्हणून नाव नाही टाकलं."

"ती तू टाकली होतीस?"

"मग! त्या व्हिडिओला सगळ्यांत जास्त लोक आले, बाबा. चुकला अंदाज, पण चालायचंच. हे सगळं मजेसाठीच असतं."

त्याला ते जेवण आठवलं. मांस कापता कापता तो बोलून गेला होता, स्वतःच्याच मनाची समजूत घालायला. होडी-कारखान्याचं तिला ठाऊक नव्हतं. तो सांगणार होता. पण तेवढ्यात पुढचा ट्रेलर फाटकात वळला आणि एकच आरोळी उठली.

"बाबा, सरक ना जरा! रूळ झाकतोयस."

व्हर्लिन सरकला. मग आणखी थोडा सरकला, कुंपणाची जाळी पाठीला लागेपर्यंत.