वावटळीला कुणी विचारलं?

ताईने ‘वावटळ’ची भूमिका पुन्हा करायला नकार दिल्याची बातमी सकाळी छापून आली आणि दुपारची जेवणं व्हायच्या आत चेंडू आमच्या दारात हजर. एका हातात काठी, दुसऱ्या हातात चुरगळलेला पेपर. मी दार उघडलं तशी मला बाजूला सारून ती थेट आत घुसली.

“कुठंय ती?”

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिच्या तारखा, करार, गाड्या, पथ्यपाणी सगळं मी बघते. मी ताई म्हणते म्हणून सेटवरचे सगळेच, अगदी तिच्याहून वयाने मोठे मेकअपवालेसुद्धा, तिला ताईच म्हणतात. वावटळ ही तिची चार सिनेमे गाजलेली भूमिका. राखाडी अंगरखा घालून गच्चीवरून गच्चीवर झेपावणारी आणि गुंडांना भोवऱ्यासारखं गरगर फिरवून भिरकावणारी बाई. एके काळी गल्लोगल्ली पोरी गळ्यात टॉवेल बांधून स्वतःभोवती फिरायच्या आणि चक्कर येऊन पडायच्या. त्या वावटळीचा चेहरा ताईचा होता आणि उड्या चेंडूच्या. ती डमी होती, म्हणजे धोक्याच्या प्रसंगात ताईच्या जागी ताईचे कपडे घालून उभी राहणारी. कुठूनही टाका, टुणकन उभी राहते म्हणून स्टंटवाल्यांनी तिला चेंडू हे नाव दिलं होतं.

चौथ्या सिनेमात मात्र ती उभी राहिली नाही. पाण्याच्या टाकीवरून समोरच्या गच्चीवर झेप घ्यायची होती. कमरेच्या दोराची कडी निसटली आणि ती दोन मजले खाली आली. मणक्याला इजा, खुबा मोडलेला. वर्षभर अंथरुणात होती.

त्यानंतर ताईने पत्रकारांना बोलावून सांगितलं होतं, “या अंगरख्यापायी एका मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त झालं. मी तो पुन्हा अंगावर चढवणार नाही.” टाळ्या पडल्या. ताईच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं, मी शेजारीच बसले होते. पुढची सहा वर्षं ती न्यायाधीश, मुख्याध्यापिका, घरच्यांनी टाकलेली आई अशा भूमिका करत राहिली आणि प्रत्येक मुलाखतीत तिच्या त्या त्यागाचा विषय निघत राहिला. आता निर्मात्यांनी पाचव्या सिनेमाचा घाट घातला होता. ताईने तेच वाक्य पुन्हा सांगितलं आणि तेच पुन्हा छापून आलं.

ताई ओट्याशी उभी राहून फळं चिरत होती. चेंडूने पेपर तिच्यासमोर आपटला.

“हे वाच. मोठ्याने वाच.”

“अगं, आधी बस तरी—”

“उद्ध्वस्त! मी काय भूकंपात पडलेलं घर आहे?”

ताईच्या हातातली सुरी तशीच राहिली. चेंडू तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. इतक्या वर्षांत तिने ताईपुढे आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता.

“मी पडले. पडणं माझ्या धंद्यातच असतं. तुला वाईट वाटलं, कबूल. पण भूमिका सोडलीस तेव्हा मला विचारलं होतंस? मी दवाखान्यात होते ताई, बहिरी नव्हते.”

“तुझ्यासाठीच तर सोडली!”

“माझ्या नावावर सोडलीस. दर आठवड्याला यायचीस, डोळे पुसायचीस आणि मी तुला धीर द्यायचे. हाडं मोडलेली मी, आणि धीर तुला! तेव्हा काही बोलले नाही, कारण बोलायला अंगात जोर नव्हता. आता आहे.”

“मग काय करू मी?” ताईचाही आवाज चढला. “पुन्हा तो अंगरखा घालू? माझ्या कानात अजून तो आवाज आहे, तू पडलीस तेव्हाचा.”

“तो आवाज माझ्या हाडांचा होता. त्याचं काय करायचं ते मला ठरवू दे ना.” तिने खुर्ची ओढली, पण बसली नाही. “कामाला गेले की लोक काय म्हणतात माहितीये? ‘तू तीच ना? बिचारी!’ खुर्ची देतात, पाणी देतात, काम देत नाहीत. तू जिवंतपणीच माझ्या फोटोला हार घातलास.”

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “अगं, पण तुझी ही काठी?”

“जिना उतरताना लागते,” ती म्हणाली. “उडी मारताना लागत नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने आम्हा दोघींना तिच्या तालीमखान्यात नेलं. एका जुन्या गोदामात ती मुलींना पडायला शिकवते. जाड गाद्या, छताला लोंबकळणारे दोर आणि घामाचा, रबराचा वास. कोपऱ्यातल्या बाकावर तिची आई बसली होती. आमच्याशी तिने अपघातानंतर नीट बोलणं असं केलंच नव्हतं. आजही नुसती मान हलवली.

चेंडूने काठी भिंतीला टेकवली, लंगडत शिडीपाशी गेली आणि शिडी चढताना तिचं लंगडणं कुठे गेलं ते कळलंच नाही. वरच्या फळीवरून तिने अंग झोकून दिलं. हवेत एक गिरकी, आणि समोरच्या मचाणावर दोन्ही पाय असे आले की फळी कुरकुरलीसुद्धा नाही. मी तोंडावर हात घेतला होता. ताईने डोळे मिटले होते.

“बघितलंस का?” वरून आवाज आला.

“नाही,” ताई म्हणाली.

“मग डोळे उघड. पुन्हा मारते.”

तिने पुन्हा मारली. या वेळी ताईने पाहिलं.

निघताना ताई चेंडूच्या आईजवळ जाऊन बसली. “मावशी, तुम्ही सांगा. तुम्ही नको म्हणालात तर मी इथेच थांबते.”

“मी नकोच म्हणतेय,” ती म्हणाली. “पण माझं ऐकून ती खाली उतरणारी असती तर लहानपणी कपाटावरूनच उतरली असती.” मग ताईकडे न बघता म्हणाली, “तुम्ही तिची कीव करणं तेवढं थांबवा. त्याने ती जास्त वाळली.”

घरी आल्यावर दार उघडता उघडता ताई मला म्हणाली, “निर्मात्यांना फोन लाव. म्हणावं, येते. पण चेंडूसकट.”

मी विरोध केला, करायलाच हवा होता. तिचं नाव सहा वर्षं त्या एका नकारावर उभं होतं. मी म्हटलं, “लोक तोंडात शेण घालतील. शब्द मोडला म्हणतील.”

“मोडलाच आहे. तो शब्द देताना जिच्या नावावर दिला तिला विचारलं नव्हतं. असला शब्द मोडलेलाच बरा.”

निर्मात्यांच्या कचेरीत थंडगार हवा होती आणि खुर्च्या इतक्या मऊ की उठताना फजिती व्हावी. ताई येणार म्हणून ते इतके खूश होते की दारापर्यंत घ्यायला आले. चेंडूचं नाव निघालं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“ताई, भावना समजतात. पण आता उड्याबिड्यांची गरजच नाही. चेहरा तुमचा, बाकी सगळं कॉम्प्युटर करतो. तुम्हाला पंचवीस वर्षांनी तरुणही करतो.”

“मी तरुण होणार नाही,” ताई म्हणाली. “वावटळ आता पन्नाशीची आहे. धावली की तिला धाप लागेल.”

“लोकांना धापा टाकणारी वावटळ बघायची नाहीये हो!”

“मग मला तरी कशाला बोलावता? मलाही कॉम्प्युटरमधूनच काढा.”

निर्माते हसले. हसता हसताच म्हणाले, “तसंही करता येतं म्हणा.”

ताईने पाण्याचा पेला खाली ठेवला. “जरूर काढा. सिनेमा लागेल त्या दिवशी मी थिएटरच्या दारात उभी राहीन आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन, आत आहे ती मी नाही, आत आहे ती कुणीच नाही.” आणि त्या मऊ खुर्चीतून एका झटक्यात उठली. मला मात्र दोनदा प्रयत्न करावा लागला.

ताई परत यायला तयार असल्याची बातमी फुटायची ती फुटलीच. आदल्या आठवड्यात तिला थोर म्हणणाऱ्यांनी आता हपापलेली म्हटलं. एकाने लिहिलं, बाईंनी मुलीच्या जखमेचाही बाजार मांडला. आमच्या फाटकाशी कॅमेरे घेऊन चौघे-पाचजण उभे राहू लागले. एकदा ताई भाजीची पिशवी घेऊन येत असताना एकाने विचारलंच, “ताई, परत येऊन स्वतःचीच अब्रू घालवताय असं वाटत नाही का?”

“माझी अब्रू इतकी पातळ असती तर या धंद्यात एक पावसाळा टिकली नसती,” ती म्हणाली. “आणि जिच्या जखमेची तुम्हाला काळजी आहे, ती पलीकडच्या रस्त्यावर तालीमखान्यात असते. तिला भेटलात कधी?”

कुणीच भेटलं नव्हतं. त्या संध्याकाळी दोघे गेले. चेंडूने त्यांना आधी गादीवर पडायला लावलं आणि मग मुलाखत दिली.

कोंडी फोडली ती पाचव्या सिनेमाच्या दिग्दर्शिकेने. ही नवी, तरुण पोरगी. ती एक दिवस न सांगता घरी आली, तालीमखान्यात जाऊन चेंडूची झेप बघून आलेली होती. म्हणाली, “ती तरुण करायची भानगड मलाही नकोय. मला धाप हवी. आणि टाकीवरची तीच झेप हवी.” निर्मात्यांना तिने सांगून टाकलं होतं की या दोघी नसतील तर तीही नाही. निर्मात्यांनी बरेच दिवस घासाघीस केली. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी चेंडूला तपासून होकार दिला, एका दोराऐवजी दोन दोर ठरले, दोर बांधणारी माणसं चेंडूने स्वतः निवडली आणि खाली दुप्पट गाद्या आल्या. मग त्यांचाही नाइलाज झाला.

झेपेच्या दिवशी ऊन लख्ख होतं. तशीच टाकी उभारली होती, तेवढ्याच उंचीची. चेंडू अंगरखा घालून वर गेली. दिग्दर्शिकेने इशारा दिला. चेंडू काठावर आली, वाकली... आणि मागे सरकून खाली बसली.

निर्माते घसा खाकरून म्हणाले, “ठीक आहे, काही हरकत नाही. आपण कॉम्प्युटरवर—”

“एक शब्द बोलू नका,” ताई म्हणाली आणि शिडीकडे निघाली.

ताईला उंचीची भीती वाटते. चार सिनेमे गच्च्यांवरून उडालेली माझी बहीण घरी माळ्यावरचा डबा काढायला मला हाक मारते. तीही त्याच अंगरख्यात होती. अर्ध्या वाटेत थांबली, शिडीला कवटाळून राहिली, पुन्हा चढली. मी तिच्यामागे चढले, कारण ती पडली तर निदान माझ्या अंगावर पडावी.

वर दोघी एकसारख्या कपड्यांत शेजारी शेजारी बसल्या.

“खाली ये म्हणायला आलीस?” चेंडूने विचारलं.

“नाही. बसायला आले. तुला उतरायचं असेल तर शिडीने उतरू, मारायची असेल तर मार. यात माझं मत नाही.”

“सहा वर्षांत पहिल्यांदाच.”

“हो.”

चेंडू जराशी हसली. खाली बघितलं, दोन्ही दोर ओढून पाहिले, मग पुन्हा ओढून पाहिले. “भीती वाटतेय गं,” ती म्हणाली. “तेव्हा वाटली नव्हती. तेव्हाच वाटायला हवी होती.” आणि उभी राहिली. “तू मागे सरक. तू काठावर असलीस की माझं लक्ष तुझ्याकडे जातं.”

ताई सरकली. माझा हात तिने इतका घट्ट धरला की बोटं बधिर झाली. चेंडूने खाली इशारा केला, तीन पावलं धावली आणि गेली. अंगरखा पंख्यासारखा उघडला. हवेत गिरकी, आणि पलीकडच्या गच्चीवर पाय, मग गुडघा, मग एक हात. क्षणभर ती तशीच ओणवी राहिली. मग सरळ झाली.

खाली असा गलका झाला की दिग्दर्शिकेचं ‘कट’ कुणाला ऐकूच गेलं नाही. चेंडूची आई गाद्यांजवळ उभी होती; ती मटकन खाली बसली आणि ओंजळीत तोंड धरून हसू लागली. निर्माते सगळ्यांचे हात हातात घेत सुटले.

“झालं! उत्तम झालं! आटपा आता!”

“काय झालं?” पलीकडून चेंडू ओरडली. “उजवा पाय उशिरा उचलला मी. हे चालायचं नाही. पुन्हा घ्या!”

निर्मात्यांनी वर ताईकडे बघून हात जोडले. “ताई, तुम्ही तरी समजवा तिला.”

ताई टाकीच्या काठापर्यंत आली, गुडघ्यांवर, लोखंडी कठडा दोन्ही हातांनी पकडून. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज पार फाटकापर्यंत गेला असेल.

“ती म्हणते ना पुन्हा? मग पुन्हा!”