चौथी खुर्ची

२००६ च्या मार्चमध्ये मी अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या अ‍ॅशबर्नला मुलाकडे, राजसकडे, मुक्कामाला होतो. सून सावनी इतिहासात पीएच.डी. करत होती. तिचा विषय एक जर्मन सरदार होता, कार्ल फॉन आल्टेनरोडे. चौदाव्या वर्षी तो एका लहान संस्थानाच्या दरबारात राजपुत्राच्या सेवेत लागला, तिशीत दरबारी शिष्टाचाराचा प्रमुख झाला आणि पुढे वॉशिंग्टनच्या जर्मन वकिलातीत राजदूताचा पहिला सल्लागार म्हणून आला. रोज जेवताना ती त्याच्याविषयी सांगे. चाळीस वर्षांच्या सेवेत आवाज चढवल्याची एकही नोंद नसलेला तो माणूस मला हळूहळू आपल्या ओळखीचा वाटू लागला होता.

एका बुधवारी ती विद्यापीठातून आली आणि कोट न काढताच सोफ्यावर बसली.

"बाबा, माझा शेवटचा चॅप्टर जातोय."

तिने एक झेरॉक्स पुढे केली. १८७९ मधल्या वकिलातीच्या मेजवानीचा तो बैठकीचा आराखडा होता. पहिल्या सल्लागाराचा मान चौथ्या खुर्चीचा. इथे मात्र आल्टेनरोडेचे नाव टेबलाच्या टोकाला, दाराशी, कारकुनांच्याही खाली होते. सावनीच्या मार्गदर्शक डॉ. हॉलोवे यांचे म्हणणे सरळ होते: वरिष्ठांची मर्जी उतरली होती. मग 'अखेरपर्यंत विश्वासातला माणूस' हे प्रकरण उभे राहत नाही. शुक्रवारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर प्रकरण काढा.

"एका खुर्चीवरून एवढं, यार?" राजस म्हणाला.

"तुला उद्या ऑफिसात प्रिंटरशेजारी बसवलं ना, मग विचारीन."

मी चष्मा पुसून आराखडा पाहिला. "मूळ कागद कुठे आहे?"

"वॉशिंग्टनच्या एका अभिलेखागारात. पण बाबा, कॉपीत सगळं क्लिअर आहे."

"प्रिंटवरून निर्णय द्यायचा नाही, हे आम्हाला तंत्रनिकेतनात पहिल्याच वर्षी शिकवलं. मी एकतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली, मूळ कागद न बघता एकदाही सही केली नाही."

"कळलं," राजस हसला. "सावनी, उद्या बाबांना घेऊन जा. नाहीतर ते बसने जातील."

गुरुवारी अभिलेखागाराच्या दारात माझ्या खिशातले पेन काढून घेतले आणि हातात पेन्सिल दिली. नियम योग्य होता. सावनीने कागद टेबलावर ठेवला. मी परवानगी घेऊन तो खिडकीशी नेला आणि उजेडाला तिरपा धरला.

चौथ्या खुर्चीपाशी कागदाची लव उठली होती. पूर्वी आम्हीही ट्रेसिंगवरची चुकलेली शाई ब्लेडने अशीच खरवडून काढत असू. शाई जाते, पण निबने पाडलेला चरा राहतो.

"सावनी, इथे आधी काय लिहिलंय?"

ती वाकली. अक्षरे एकेक करून वाचताना तिचा आवाज बारीक झाला. "आल्टेनरोडे."

त्यावर नव्या शाईने दुसऱ्याच एका देशाच्या राजदूताचे नाव होते. आराखड्याखाली जर्मन राजदूताची मंजुरीची सही होती, अकरा तारखेची. चौथ्या खुर्चीच्या बाजूला मात्र पेन्सिलीने, झेरॉक्सवर उमटणार नाहीत इतकी फिकी आद्याक्षरे होती: का. फॉ. आ., तारीख बारा. मंजूर आराखड्यात फेरफार करणारा त्या जागीच आद्याक्षरे आणि तारीख घालतो. आमच्याकडेही हाच नियम होता.

सावनीने घाईघाईने दुसरी फाइल उघडली. तो परदेशी राजदूत बारा तारखेलाच वॉशिंग्टनमध्ये उतरला होता. त्याला वरची जागा देणे भाग होते. सगळ्यांना एकेक खुर्ची खाली सरकवले असते तर पंधरा माणसे नाराज झाली असती. आल्टेनरोडेने एकच नाव खरवडले.

सावनीच्या फोनवरून डॉ. हॉलोवे दुपारी आल्या. त्यांनी स्वतः कागद तिरपा धरला. मग त्यांनी सावनीला प्रकरण ठेवायला सांगितले आणि तळटीपेत पेन्सिलीच्या आद्याक्षरांचा उल्लेख करायला बजावले.

परतताना सावनी ड्राइव्ह करत होती. ती म्हणाली, "बाबा, त्याने हे कोणालाच सांगितलं नसेल. एकाही पत्रात नाही."

"सांगायचं असतं तर त्याने आद्याक्षरं शाईने घातली असती."

घरी पोहोचताच तिने त्या प्रकरणाचे पहिले पान पुन्हा लिहायला घेतले.